एकच जनुक, दोन निवाडे

पुरस्कर्ता : ताई, आनुवंशिकतेबद्दल एरवी कितीही शंका काढा, सिकलसेलपुढे तरी त्या टिकू नयेत. इथं शास्त्राने काही मोघम ठेवलेलं नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं, आणि प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. हा बिघाड रेणूतला आहे हे लायनस पॉलिंगने 1949 मध्ये दाखवलं, त्याची नेमकी जागा व्हर्नन इन्ग्रमने पुढच्या आठ वर्षांत सांगितली. आपल्या भागातही हा आजार आहे, हे शुक्ला आणि सोलंकी यांनी 1958 मध्येच नागपुरातून 'लॅन्सेट'ला कळवलं होतं. आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणी मूल रुग्ण निघण्याची शक्यता 25 टक्के, वाहक निघण्याची 50 आणि पूर्ण निरोगी निघण्याची 25. एक वाहक आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल, तर एकही मूल रुग्ण होत नाही. इतका स्वच्छ हिशोब माणसाच्या आयुष्यात दुसरा कुठला आहे? मेळघाटातला कोरकू असो की अकोल्यातला एखादा बौद्ध तरुण, लग्नाआधी दोघांनी रक्त तपासावं आणि दोघंही वाहक निघाले तर विचार करावा. पत्रिकेतले छत्तीस गुण राहू द्या, हा एक जुळवा. माझं म्हणणं एवढंच आहे.

शंकेखोर : हिशोबाशी माझं भांडण नाही, भाऊ. तो गावात शिरतो तेव्हा त्याचं काय होतं ते पाहा. शिबिरात होते ती सोल्युबिलिटी टेस्ट. बोटातून रक्ताचा थेंब घेतात, नळीतल्या द्रावणात सोडतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर पॉझिटिव्ह. त्या नळीला वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते, नमुना पुढे पाठवावा लागतो, अहवालाची वाट पाहावी लागते. तोवर गाव थांबतं का? रांगेतल्या बायांनी गढूळ नळी पाहिलेली असते. संध्याकाळच्या आत निकाल लागतो : "त्यायच्या पोट्टीले सिकल हाये." पुढे अहवाल 'वाहक' असा आला, म्हणजे पोरगी इतरांसारखीच धडधाकट आयुष्य जगणार असली, तरी तो कागद घेऊन घरोघरी कोण फिरणार? सोयरीक जुळवणारा मधला माणूस वाहक आणि रुग्ण असा भेद करत बसत नाही. 'काही खोट तर नाई?' एवढंच तो विचारतो. तुमच्या हिशोबात तीन कप्पे आहेत, त्याच्याकडे दोनच : चांगलं रक्त आणि वाईट रक्त. हे दोन कप्पे प्रयोगशाळेने बनवलेले नाहीत. ते आधीपासून तयार होते, अहवाल फक्त त्यात जाऊन पडला.

पुरस्कर्ता : मान्य. पण म्हणून नळीच फेकून द्यायची? तपासणी नव्हती तेव्हा काय आलबेल होतं? तान्ह्या लेकराचे हातपाय सुजायचे, डोळे पिवळे पडायचे, रात्रभर रडायचं. कुणी कावीळ म्हणायचं, कुणी बाहेरचं झालंय म्हणायचं. पाणथरी वाढून पोट फुगलं की मेळघाटात भूमका या गाववैदूकडे नेऊन पोटावर तापल्या लोखंडाचे चटके, म्हणजे डंबा. शाळेत वारंवार हाडं दुखतात म्हणणारा पोरगा कामचुकार ठरायचा. निरोगी माणसाची तांबडी पेशी 120 दिवस जगते, या लेकरांची दहा-वीस दिवसांत फुटते. तरी त्यांना वर्षानुवर्षं नुसत्या लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या, कारण डॉक्टरांनाही आदिवासी मूल फिकट दिसलं की कुपोषणच दिसायचं. आजाराला नाव मिळालं तेव्हा फॉलिक ॲसिड, पेनिसिलिन, हायड्रॉक्सीयुरिया, भरपूर पाणी, थंडी-उन्हापासून जपणूक हे सगळं शक्य झालं. आणि आईचं काय? लेकरू दगावलं की सासू म्हणायची, सून पांढऱ्या पायाची. बिघडलेली एक प्रत बापाकडून आल्याशिवाय मूल रुग्ण होत नाही, हे त्या घरात ठणकावून सांगायला आनुवंशिकताच आली. बाईच्या बाजूने इतकी भक्कम साक्ष आजवर कुणी दिली होती?

शंकेखोर : साक्ष भक्कम आहे, पण ती नोंदवली कशी जाते बघा. गरोदर बाई सरकारी दवाखान्यात येते, म्हणून रक्त आधी तिचं तपासलं जातं. ती वाहक निघाली की नवऱ्याला बोलावतात. नवरा सुरतेकडे कामाला गेलेला असतो, नाही तर गावात असूनही 'मले काय झालं?' म्हणून येत नाही. कागदावर नाव उरतं ते बाईचंच. शास्त्र निम्मा दोष बापाला देतं, नोंदवही सगळा आईला देते. आणि हे आपल्याकडचंच आहे असं समजू नका. ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस नावाचं गाव आहे. तिथं सिकलसेल बराच, आणि लग्नंही आपल्यासारखीच ठरवून होणारी. स्टॅमॅटोयानोपूलोस या शास्त्रज्ञाने गावाची तपासणी केली, सगळ्यांना आकडेमोड समजावली. काही वर्षांनी 1970 च्या दशकात पुन्हा जाऊन पाहिलं, तर वाहकांना स्थळं नाकारली जात होती, लोक निकाल लपवत होते आणि दोन वाहकांची आपसातली लग्नं काही कमी झालेली नव्हती. लोकांना गणित कळलं नाही असं झालं नव्हतं. ते कळूनही त्यांनी त्याचा उपयोग सोयरिकीच्या बाजारात करतात तसाच केला.

पुरस्कर्ता : ग्रीस सांगता, तर शेजारचा सायप्रसही सांगा. तिथं थॅलेसेमिया घरोघरी होता. 1980 च्या दशकात चर्चने लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. बहुतेक वाहक जोडप्यांनी लग्न मोडलं नाही, गर्भाच्या तपासणीचा आधार घेतला, आणि थॅलेसेमियाग्रस्त मुलांचे जन्म जवळपास थांबले. म्हणजे त्याच तपासणीने एका ठिकाणी घोळ घातला, दुसऱ्या ठिकाणी तारलं. फरक संघटनेचा होता. लांब कशाला जाता? अमरावतीची रामपुरी कॅम्प, अकोल्याचा सिंधी कॅम्प पाहा. फाळणीनंतर आलेल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाचं प्रमाण मोठं. त्यांच्यात लग्नाआधी तपासणीची गोष्ट मंडळांतून, मेळाव्यांतून उघड बोलली जाते, रक्तदान शिबिरं होतात. कुणी 'सिंध्यांचं रक्त वाईट' असं म्हणत नाही. मग सिकलसेलचं तसंच होईल. समाज पुढे आला पाहिजे, इतकंच.

शंकेखोर : भाऊ, हे उदाहरण तुम्ही माझ्या हातात आणून दिलंत. थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे एकाच जनुकातले दोन बिघाड आहेत, अकराव्या गुणसूत्रावरचं बीटा ग्लोबिनचं जनुक. वारशाचा नियम तोच आणि पंचवीस टक्क्यांचं गणितही तेच. मग निवाडे दोन का? एका वस्तीत तो 'समाजापुढचा प्रश्न' होतो, दुसऱ्या वस्तीत 'त्या लोकांचा आजार'. पहिल्या समाजाकडे दुकानं आहेत, मंडळं आहेत, खासगी दवाखान्यात जायची ऐपत आहे, आणि त्यांच्या रक्ताला विटाळ म्हणण्याची इथं परंपरा नाही. दुसऱ्या समाजाला पिढ्यान् पिढ्या हाच शब्द ऐकवलेला आहे. जुनी तुच्छता कायद्याने बोलायची सोय राहिली नाही, तिला आता अहवालाची भाषा मिळाली.

आणि दुसरी बाजूही पाहा. जे शोधलं जातं तेच सापडतं. 2013 मध्ये भारतीयांच्या जनुकांचा जो अभ्यास झाला, त्यात दिसलं की सुमारे 1900 वर्षांपूर्वीपर्यंत इथले गट एकमेकांत सर्रास मिसळत होते, मग ते मिसळणं बंद पडत गेलं. एवढी शतकं जातीतच लग्नं केल्यावर प्रत्येक जातीत कुठला ना कुठला दडलेला दोष साठणारच. आंध्रातल्या वैश्य समाजात एक असा दोष आहे की भुलीसोबत दिल्या जाणाऱ्या एका औषधाने स्नायू बराच वेळ लुळे राहतात. ते कुणी त्यांच्या कपाळावर लिहिलं का? बडनेऱ्यापासून अकोटपर्यंत वरच्या जातींच्या वधू-वर परिचय मेळाव्यात त्यांच्या त्यांच्या दोषांसाठी रक्त तपासणारं टेबल मी तरी पाहिलेलं नाही.

पुरस्कर्ता : मग ताई, तुम्ही आनुवंशिकतेच्या विरोधात नाही, तिच्या बाजूनेच बोलताय! हेच तर तिचं सर्वांत मोठं देणं. जातीतल्या जातीत लग्न म्हणजे दोषाला दोष भेटवणं, हे तिने आकड्यांनी सिद्ध केलं. रक्तशुद्धीचा डांगोरा पिटणाऱ्यांना यापेक्षा चोख उत्तर कोणतं? इरावती कर्व्यांनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्या मोजल्या आणि गुरूला हवा तो वंशभेद मापांत सापडत नाही असं प्रबंधात लिहिलं. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स'मध्ये नाकाच्या मापांचेच आकडे घेऊन दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगवेगळे वंश नाहीत. पंजाबराव देशमुखांनी 1927 मध्ये जातीबाहेर लग्न केलं, त्याला त्या काळी धाडस म्हटलं गेलं. आज मी त्याला आरोग्याचा सल्लाही म्हणेन. मोजमापाला घाबरायचं कारण नाही, मोजमाप आपल्या बाजूने आहे.

शंकेखोर : आज आहे, भाऊ. उद्याचं कुणी सांगावं? त्याच 1927 साली ना. सी. फडक्यांनी भारतात सुप्रजननाची चळवळ हवी म्हणून इंग्रजीत पुस्तक लिहिलं, मार्गारेट सँगरची प्रस्तावना घेऊन. तेही स्वतःला विज्ञानाच्या बाजूचेच समजत होते. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीत अंबादेवीच्या मंदिर प्रवेशासाठी परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते. त्या दारात उभं राहायला कुणाला रक्ताचा दाखला लागत नव्हता. हक्क हक्क होता म्हणून मागितला. 1936 च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी जातीचं सुप्रजननी समर्थन खोडून काढलं, ते पाहा. जात वंशशुद्धीसाठी असेल तर एका पंगतीत जेवायला बंदी कशाला, जेवणातून का रक्त बिघडतं, असा त्यांचा सवाल होता. समर्थकांचं विज्ञान तपासून ते पोकळ आहे हे दाखवलं, पण समतेचा पाया विज्ञानावर ठेवला नाही. तुम्ही तो ठेवताय. आंतरजातीय लग्न करा कारण मुलं निरोगी होतील, असं म्हटलं की उद्या कुणी उलटा आकडा आणला तर? आणि आणता येतोच. सिकलसेलचा वाहक आणि थॅलेसेमियाचा वाहक यांचं लग्न झालं, जात वेगळी, भाषा वेगळी, तरी मूल आजारी होऊ शकतं. मग त्या लग्नाला विरोध करायचा का?

पुरस्कर्ता : त्यांना आधी कळलेलं असावं, एवढंच मी म्हणेन. निर्णय त्यांचा. पण ताई, तुमच्या बोलण्यात आता मला एक धोका दिसतो. प्रत्येक गोष्ट समाजाने लावलेला अर्थ म्हणून सोडवत गेलं, तर शरीर उरतच नाही. वेदनेचा झटका येतो तेव्हा तो अर्थ नसतो. हाडांत सुऱ्या खुपसल्यासारखं होतं, आणि हे त्याच्याच वाट्याला का, याचं उत्तर जनुकात आहे. ते जनुक या प्रदेशात का टिकलं याचंही उत्तर आहे : एक प्रत असलेल्या माणसाला फाल्सिपेरम मलेरियात जीव वाचण्याची संधी जास्त मिळते, हे ॲलिसन या शास्त्रज्ञाने 1954 मध्ये आफ्रिकेत दाखवलं. जंगलाच्या कडेला, मलेरियाच्या पट्ट्यात ज्यांना पिढ्यान् पिढ्या राहावं लागलं, त्यांच्यात ते साठत गेलं. ही लाज वाटायची गोष्ट आहे का? पण नाकारायचीही नाही.

शंकेखोर : नाकारत नाही. उलट तुमचंच वाक्य पुढे नेते. 'राहावं लागलं' म्हणालात, म्हणजे जनुकात सुद्धा इतिहास आहेच. आणि ते जनुक किती छळेल हेही शरीराबाहेर ठरतं. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी जास्त वाकतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पंख्याखाली हिशोब लिहिणारा रुग्ण आणि वीटभट्टीवर राबणारा रुग्ण, दोघांचं जनुक एक, झटके मात्र सारखे येणार नाहीत. मग दुसऱ्याच्या दुखण्याचं कारण काय लिहायचं, जनुक की भट्टी?

वारसा म्हटला की लोक हात झटकतात, म्हणून मी इतकी अडून बसते. मेळघाटातल्या बालमृत्यूंवरून 1993 मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तेव्हापासून एक कुजबूज ऐकतेय : कोरकूंची हाडपेरच लहान, त्यांना आपली मापं कशी लागू होतील? 2013 मध्ये अर्थतज्ज्ञ अरविंद पानगढियांनी भारतीय मुलं मुळातच ठेंगणी असतात, असा युक्तिवाद इंग्रजी साप्ताहिकात मांडला. पण त्याआधी 2006 ची जागतिक आरोग्य संघटनेची वाढीची मापं सहा देशांच्या मुलांवरून काढली होती, त्यांत दक्षिण दिल्लीतली खात्यापित्या घरची मुलं होती, आणि ती नॉर्वे-अमेरिकेच्या मुलांसारखीच वाढली होती. खारपाणपट्ट्यात जा. एकाच घरात बाप, चुलता, मोठा भाऊ किडनीने गेलेले सापडतील. बाहेरचा माणूस म्हणेल, घराण्यातच आहे. गाव बोअरच्या खाऱ्या पाण्याकडे बोट दाखवतं. कुटुंबात नुसती जनुकं वारशाने येत नाहीत. विहीर येते, शेत येतं, कर्जही येतं.

पुरस्कर्ता : किडनीचं मान्य, उंचीचंही मान्य. पण मघाशी सांगितलं तेही विसरू नका : सिकलसेलचं मूल वर्षानुवर्षं कुपोषित म्हणून वागवलं गेलं, ते 'सगळं परिस्थितीमुळे' याच समजुतीने. वारशाचं नाव घेऊन सरकार हात झटकतं, तसं परिस्थितीचं नाव घेऊन निदान हुकतं. दोन्ही चुकांची किंमत त्याच लेकराने मोजली. म्हणून मला तपासणी हवी. 1 जुलै 2023 ला शहडोलमध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झालं, 17 राज्यांत चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंत निर्मूलन. इतक्या मोठ्या प्रमाणावर कुणी या लेकरांकडे आजवर पाहिलं होतं?

शंकेखोर : निर्मूलन कशाचं, भाऊ? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलला दिव्यांगत्व मानलं, म्हणजे या माणसांना हक्काने जगायचंय असं म्हटलं. आता म्हणतो, ती जन्मालाच येऊ नयेत. दोन्ही वाक्यं एकाच घरात ऐकणाऱ्या वीस वर्षांच्या रुग्णाला काय वाटत असेल? तुमच्या पॉलिंगने 1968 मध्ये सुचवलं होतं की वाहकांच्या कपाळावर गोंदावं, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. माणूस दुष्ट नव्हता, नोबेल शांतता पुरस्कार मिळालेला होता. दुःख टाळायची घाई झाली की चांगल्या माणसालाही खूण करावीशी वाटते. आपलं तपासणीच्या निकालाचं कार्ड गोंदणासारखं नाही, पण ते कुणाच्या खिशात जास्त असणार हे आपल्याला आधीच ठाऊक आहे.

पुरस्कर्ता : मग कार्ड सगळ्यांच्या खिशात देऊ. अकरावीच्या प्रत्येक मुलामुलीची तपासणी, जात न विचारता. सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्ही. निकाल फक्त त्या मुलाच्या हातात, सज्ञान झाल्यावर. देशमुख, राठी, गवई, जांभेकर सगळे एका रांगेत. मग तर शंका नाही?

शंकेखोर : ऐकायला इतकं बरं वाटतं की मीच सुचवायला हवं होतं. पण मग हिशोब मला करू द्या. जिथं शेकड्यांनी तपासल्यावर एखादा वाहक सापडेल, तिथंही तेवढेच तंत्रज्ञ, तेवढीच एचपीएलसी, तेवढेच समुपदेशक लागतील. ते कुठून येणार? मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यातूनच ओढले जातील, कारण तिथल्या जागा रिकाम्या राहिल्या तर ओरडणारं कुणी नाही. माझ्या शहरी सद्भावनेचा खर्च पुन्हा त्याच लेकराच्या औषधातून वजा होईल. म्हणजे न्याय्य तपासणी पातळ होते आणि नेमकी तपासणी शिक्का मारते. यातलं एक निवडायला मला जमत नाही, आणि निवडणाऱ्याने मला विचारलं तर मी त्याला आधी वाहकांना विचारायला सांगेन. त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.

पुरस्कर्ता : विचारूच. पण विचारेपर्यंत औषध थांबवता येणार नाही. हायड्रॉक्सीयुरियाचा साठा आला की पहिली खेप धारणीला जाईल, कारण रुग्ण तिथं जास्त आहेत. ती तिथंच का गेली हे खालच्या गावांना समजावून सांगायचं काम तुम्ही करा.

शंकेखोर : करीन. अडचण एवढीच आहे, भाऊ, की 'तिथं जास्त आहेत' हे वाक्य खरं आहे, आणि ते उच्चारल्यावर निम्मं गाव पुढचं ऐकत नाही.